कार्ल्याच्या पायऱ्यांवरची ताकवाली

सत्तरच्या दशकात कार्ल्याच्या लेण्यांच्या वाटेवर ती ताक विकायची. नाव कधी विचारलंच नाही. मी तेव्हा कॉम्प्युटर शिकत होतो आणि माझं एक गणित अडलं होतं. एक-एक किंवा दोन-दोन पायऱ्यांची ढांग टाकत चाळीस पायऱ्या किती तऱ्हांनी चढता येतील? माझं फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅममधला हिशेबाचा तुकडा, उत्तरासाठी स्वतःलाच हाका मारत बसायचं. मशीन तासभर घरघरायचं, उत्तर नाही! सोमवारी मशीनवर माझी शेवटची पाळी होती.

म्हणून मी खरोखरच चढून मोजत होतो, दर तऱ्हेला पार तळापासून. सहाव्या खेपेला ती पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"पुन्ना पुन्ना खाली कशाला पळतूस रं?"

धापा टाकत मी कोडं सांगितलं. तिनं पायऱ्यांवर खडे मांडले, जिथवर जितक्या तऱ्हा तिथं तितके.

"हितं येनार त्यो खालच्या पायरीवरनं, न्हाईतर तिच्या खालचीवरनं. मंग त्या दोनींचे खडे मिळव की!"

तीन, पाच, आठ. मागचे खडे ती खुशाल उधळून देत होती.

"अहो मावशी, ते लागतील ना!"

"दोनच पायऱ्या ध्येनात ठिवायच्या. समदी वाट डोक्यावर घिऊन कुनी डोंगर चडतं व्हय?"

सोमवारी प्रोग्रॅममध्ये मागचे दोनच आकडे ठेवले, आणि मी खुर्ची ओढेपर्यंत उत्तर छापून आलं. तडक कार्ल्याला पळालो.

"मावशी, साडेसोळा कोटी तऱ्हा!"

"आन् मी मेली रोज एकाच तऱ्हेनं चडती!"

तिनं ताकाचं मडकं डोक्यावर घेतलं, कासोटा आवळला आणि दोन पायऱ्यांची ढांग टाकली. थेंब सांडला नाही.