आमच्या कॅम्परचे ब्रेक

हडपसरच्या आमच्या ऑफिसात चहाला चार जण जमले, की कोणीतरी हटकून विचारतंच, "काय, ब्रेक कसे आहेत?" एका खरेदीत किती किस्से निघावेत! करमणूक त्यांची झाली, डोकं माझं फिरलं.

कॅम्पर म्हणजे कारमागे जोडायचं चाकांवरचं घर. पलंग, ओटा, संडास, सगळं आत. तो मी आईसाठी घेतला. गुडघ्यांमुळे तिला वाटेतल्या हॉटेलांतले संडास जमत नव्हते, आणि गुहागरला मामा आजारी होता. त्याला एकदा बघायचं एवढंच तिचं म्हणणं. घाट उतरायचा, म्हणजे ब्रेक हवेतच.

पहिल्याच सिग्नलला मी ब्रेक दाबला. कार थांबली, कॅम्पर थांबला नाही. त्याने आम्हाला ढकलत झेब्रा क्रॉसिंगपलीकडे नेलं. हवालदार शांतपणे म्हणाला, "मागच्याला सांगितलं नव्हतं का, थांबायचंय म्हणून?"

विकणाऱ्याला फोन केला. म्हणे, नवीन आहे, वापरून वापरून सेट होईल.

"अहो, चप्पल घेतलीय का मी, चावायची थांबेपर्यंत घालायला?"

त्याने फोन ठेवला.

मग आमच्या टीममधला टेस्टर वानखेडे आला. मूळचा अमरावतीचा. डोळ्यांदेखत बिघडल्याशिवाय तो बिघाड मानत नाही. रविवारी खडकवासल्याच्या रस्त्यावर त्याने मला दिवसभर ब्रेक मारायला लावले. मेला कॅम्पर एकदाही चुकला नाही! "तूच फालतू टेन्शन घेतो भाऊ," म्हणत वानखेडेने मक्याचं कणीस घेतलं. परतताना पहिल्याच उतारावर कॅम्परने असा धक्का दिला, की कणीस डॅशबोर्डवर गेलं. वानखेडे कणसाकडे बघत म्हणाला, "हं. आता मान्य."

शेवटी टीममधलाच इम्तियाज दुरुस्तीला बसला. कारमधून कॅम्परला करंट जातो तो प्लग त्याने उघडला, तर आतून हळद-कुंकवाने माखलेला तांदळाचा दाणा निघाला. कॅम्पर आला त्या दिवशी आईने त्याची पूजा केली होती. दाणा हलून मध्ये आला, की ब्रेकला करंटच मिळायचा नाही. मी कपाळाला हात लावला. आई ढिम्म.

"ब्रेक यातूनच चालतात, असं त्या विकणाऱ्यानेच सांगितलं. मग अक्षता दुसरीकडे कुठे वाहायच्या?"

निघायच्या दिवशी आई पिशवी घेऊन पार्किंगमध्ये तयार. वानखेडे म्हणाला, आधी कोपऱ्यापर्यंत चक्कर मारू, मग काकूंना बसवू. आम्ही तिघे कारमध्ये बसलो. डिकीत छतापर्यंत सामान, मागच्या काचेतून काही दिसत नव्हतं. सिग्नलला हळूच ब्रेक दाबला. धक्का नाही. पुढे जोरात दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. वानखेडेने टाळी दिली. ओढायलाही किती हलका वाटतोय, असं इम्तियाज म्हणाला. मला तर रडूच यायचं बाकी होतं. तिथूनच मामाला फोन लावला आणि संध्याकाळी बहीण दारात हजर करतो म्हणून सांगितलं.

फोन ठेवतो न ठेवतो तोच आईचा आला.

"ब्रेक उत्तम झालेत हो तुमचे. इथून तसूभर हललेला नाही कॅम्पर."