मेरोपीचं मागणं

समुद्रात शिरलेल्या सेपियासच्या टोकावर थेटिस या समुद्रदेवीचं ठाणं होतं आणि त्याची राखण करणारी मेरोपी तोंडाची भारी फटकळ. मागणं घेऊन आलेल्या बाईला चार शब्द सुनावल्याशिवाय तिला चैन पडत नसे. "रडगाणं मला कशाला ऐकवतेस? दोन शब्दांत बोल. माकूल हातात तडफडतेय!"

पद्धतच तशी होती. याच किनाऱ्यावर एका माणसाने देवीला बायको करायला धरलं, तेव्हा ती आग झाली, पाणी झाली, सिंहीण झाली, शेवटी रंग बदलणारी, दहा पायांची समुद्रातली माकूल झाली. तरी त्या बाबाने मिठी सोडली नाही. म्हणून इथलं मागणं जिवंत माकुलीला सांगायचं आणि तिला लगेच सोडून द्यायचं. मेरोपी कंबरभर पाण्यात उभी राहून ते पुटपुटायची. मागणारीने काठावर पाठ फिरवून थांबायचं, राखणदारणीवर विश्वास ठेवायचा.

मेरोपीचा एकुलता एक लेक, लायकस, ट्रॉयच्या लढाईला गेला त्याला दहावं वर्ष लागलं होतं. नवरा फ्थियाचा, म्हणजे देवीला त्या माणसापासून झालेल्या लेकाच्या मुलखातला, त्यामुळे पोरगा गेला तो देवीच्याच लेकाच्या जहाजावर. शेजारच्या आर्गियाचा लेक हिप्पासोस गावच्या जहाजावरून गेला. दोघी बाया तेव्हापासून एकत्र जव भरडत होत्या, भांडत होत्या आणि एकमेकींचे डोळे पुसत होत्या.

एक दिवस पाणी भरायला थांबलेल्या खलाशांनी बातमी आणली. सगळ्या सैन्याच्या मोठ्या राजाने देवीच्या लेकाचा भर सभेत अपमान केला. तो रुसून आपल्या सगळ्या माणसांसकट जहाजांपाशी बसलाय, लढायला उठत नाही. आणि म्हणे देवीने थेट देवांच्या राजाचे गुडघे धरले, की बाकीच्यांना मार खाऊ दे, मग कळेल त्यांना माझ्या पोराची किंमत.

मेरोपीचा जीव भांड्यात पडला. लायकस बसून आहे! कित्येक वर्षांनी ती पोटभर जेवली.

जेवण उरकतं न उरकतं तोच आर्गिया दारात.

"तुझा बसलाय वाळूत अंजीर चघळत," ती म्हणाली. "माझा मरतोय गं. रोज माणसं कापली जाताहेत तिथे."

"मग मी काय करू?"

"देवीला सांग. तीपण आईच ना? पोराचा राग उतरव म्हणावं. मेरोपी, तुझ्या पाया पडते. तुझ्याशिवाय कोण सांगणार?"

"सकाळी ये," मेरोपी म्हणाली. नाही म्हणायला तिची जीभ रेटली नाही.

सकाळी ती पाण्यात उतरली. माकूल तिच्या बोटांखाली रंग बदलत होती. काठावर पाठमोऱ्या आर्गियाचे खांदे हलत होते. पण पोटचा गोळा तो पोटचा गोळा. "आई, त्याचा राग राहू दे," ती पुटपुटली. "तो बसलेलाच राहू दे." आणि तिने माकूल सोडली.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

पंधरा दिवसांनी दुसरं जहाज आलं. देवीच्या लेकाचा जिवाभावाचा मित्र लढाईत पडला होता. राग गेला चुलीत, तो पेटून उठला आणि त्याची सगळी माणसं त्याच्यामागे धावली. नदीच्या उतारावर लायकस पडला. हिप्पासोस जिवंत होता.

मेरोपीने शोकाचे केस कापले आणि ठाण्याच्या पायरीवर बसली. आर्गिया धावत आली, तिच्या पायांवर कोसळली.

"माझ्यामुळे गेला गं तो! स्वतःचं पोर पणाला लावून माझं मागणं मागितलंस. कुठली आई करेल? हिप्पासोस आला की तो तुझा. तुलाच आई म्हणेल."

गप्प राहिली असती तर मेरोपीला म्हातारपणाला लेक मिळाला असता. गावाने डोक्यावर घेतलं असतं. पण ते आभार तिला सोसवेनात. लायकसच्या मरणापेक्षाही ते जड जात होते.

"ऊठ," ती म्हणाली. "मी तुझं सांगितलंच नाही. राग राहू दे म्हणाले. तुझा गेला तरी चालेल, असंच झालं ना ते?"

आर्गियाचे हात बराच वेळ तिच्या पायांवर तसेच राहिले. मग तिने ते काढून घेतले.

"बातमी आल्यापासून मला माझ्या आनंदाची लाज वाटत होती," ती उभी राहत म्हणाली. "आता नाही वाटणार."

ती गेली. त्या दिवशी सांजेपर्यंत गावभर झालं. लायकससाठी रडायला मेरोपीच्या दारात एकही बाई आली नाही.