कोऱ्या शिडाचं माप

समुद्र मी अजून पाहिलेला नाही, पण माझ्या संसाराचं वाटोळं एका होडीनं केलं, असं सांगितलं की बाया तोंडाला पदर लावतात. हसू देत.

दुसऱ्या लढाईतले दिवस. आमचे मालक कॅम्पातल्या पलटणीच्या कारखान्यात सुतार. समुद्रापार जायच्या सुतारांची यादी लागली, त्यात त्यांचं नाव निघालं. पोर माझ्या अंगावर पीत होतं. आता त्यांच्या साहेबाला होडीचा भारी नाद. वेंगुर्ल्याहून जुनी शिडाची होडी त्यानं लॉरीत घालून, आंबोलीच्या घाटानं आणलेली. बंगल्याच्या आवारात ती ठोकळ्यांवर उभी. साहेब मालकांना म्हणाला, पुढच्या तिकोनी शिडासाठी दोन्ही अंगांना पितळी पट्ट्या नीट बसवून दे, यादीतलं तुझं नाव मी काढतो.

पट्टी म्हणजे हातभर लांब रूळच म्हणा. तिच्यावर एक कडी पुढंमागं सरकते, शिडाच्या खालच्या, मागच्या अंगाच्या कोपऱ्याची दोरी त्या कडीतून जाते. पट्टीची जागा चुकली की शीड वारा धरत नाही. बैलगाड्या करणारा माणूस, पण आठ दिवसांत सगळं शिकला. शीड चढवायचं, त्याच्या पुढच्या कडेच्या मध्यापासून त्या कोपऱ्यावरून सुतळी ताणत खाली फळीपर्यंत आणायची. टेकेल तिथं पट्टी. मी भाकरी घेऊन जाई, तेव्हा सुतळीचं एक टोक माझ्या हातात. वरच्या फळ्या जुन्या, आतून भुसा झालेल्या. भरवशाचं लाकूड एकाच आडव्या तुळईपाशी, आणि खूण नेमकी तिथंच आली. मालकांनी तुळईला हात लावून नमस्कार केला.

शीड मात्र नवं होतं. मी त्याची कड बोटांत चुरून बघितली. कोरं करकरीत, खळसुद्धा गेलेली नाही. आमच्यात मांजरपाट आणलं की आधी भिजत घालतात, आटू देतात, मग चोळी बेततात. शेंबडी पोरगीही सांगेल. मी म्हटलं, "अवो, हे पाण्यातनं काढलंय का न्हाय? आटंल की."

"मी काय चोळी शिवायला बसलोय व्हय गं?"

जोडीचे दोन सुतार हसले. एक म्हणाला, "वैनी, सायबाला बी एक परकर बेता!"

मालकही हसले. मला राग आला. म्हटलं, मरू दे. साहेबापुढं जाऊन बोलायची छाती नव्हती, ते एक. पण घरी तर बोलता आलं असतं. मी फुगून बसले, दोन दिवस शब्द काढला नाही. त्या दोन दिवसांत त्यांनी भोकं पाडली, राळ भरली, बोल्ट आवळले.

घटप्रभेच्या बंधाऱ्याच्या पाण्यात होडी सोडली. पहिल्या दिवशी साहेब लई खूष, पाठ थोपटली. मालक येताना गोड म्हणून कुंदा घेऊन आले. आम्ही तो खाल्ला, मी बोलायलाही लागले.

मग एकदा शीड पावसात चिंब भिजलं, वाळताना आटलं, आणि त्याचा कोपरा चांगला वीतभर वर गेला. कडी पट्टीच्या मागच्या टोकापर्यंत नेली तरी पुरेना. शिडाची मागची कड दोरीगत ताठ, खालची झोळीगत लोंबती. साहेबानं पट्ट्या काढून मागं नवी भोकं पाडायला लावली. तिथं खाली तुळई नव्हती. पहिल्याच जोराच्या वाऱ्याला पट्टी फळीसकट उचकटून आली.

साहेब ओरडला नाही. ओरडला असता तर पाय धरले असते. नाव यादीत राहिलं.

स्टेशनावर पोराला माझ्याकडं देताना मालक म्हणाले, "तू सांगितलं व्हतंस. मग परत का न्हाय सांगितलंस?" रागानं नव्हे, खरंच ठाऊक नसल्यासारखं विचारलं. मी पोराचं टोपडं सारखं करत राहिले. तेवढ्यात गाडी हलली.

बोटीत चढल्याचं एक कार्ड आलं. नंतर काही आलं नाही, ना कार्ड, ना माणूस. लोक म्हणतात, एवढ्या मोठ्या लढाईत माणसं गेली, तू कापडाचं काय घेऊन बसलीस. म्हणोत. त्यांना परकर-चोळीवर हसणारी माणसं आठवत नाहीत. मला आठवतात, आणि त्यांच्यापेक्षा जास्त ते माझं गप्प बसणं आठवतं.