स्विचला हात लावायचा नाही

बसस्थानकावरच्या ताईंना चेहऱ्याने फार कुणी ओळखत नसे. आवाज मात्र गावाला तोंडपाठ होता. तिकीटखिडकीच्या मागच्या कोंदट खोलीत बसून त्या माइकवर गाड्या सांगायच्या. "फलाट क्रमांक चारवरची गाडी सुटण्याच्या तयारीत आहे," एवढं त्यांनी म्हटलं, की बाकावर निवांत पेंगणारी माणसं सामान काखोटीला मारून धावत सुटायची. बाजारात त्यांनी नुसता कांद्याचा भाव विचारला, तरी भाजीवाली मान वर करून म्हणायची, "अगंबाई, फलाटवाल्या ना तुम्ही?" ताईंना हे फार आवडायचं. "कसलं मेलं काम, दिवसभर नुसतं ओरडायचं," असं त्या वरवर म्हणायच्या, पण ते म्हणतानाही शब्द न् शब्द सुटा आणि स्वच्छ यायचा.

आईवडील लवकर गेले. धाकट्या भावाला ताईंनीच लहानाचा मोठा केला आणि त्या नादात स्वतःच्या लग्नाचं राहून गेलं. भाऊ डोक्याने तल्लख होता, पण एका ठिकाणी टिकेल तर शपथ. प्रत्येक नोकरीत त्याचा साहेब मूर्ख निघायचा. असे एकामागून एक मूर्ख भेटल्यावर तो घरीच बसला, आणि ताईंनी घेऊन दिलेल्या घरगुती कम्प्युटरपुढे त्याने ठाण मांडलं. सगळं यंत्र कळफलकाच्याच पोटात होतं आणि पडदा म्हणून जुना टीव्ही.

या यंत्रात कायमचं काही साठायचं नाही. केलेलं काम फ्लॉपीवर उतरवायचं, आणि फ्लॉपीचा खण असा दळभद्री, की कधी कुठली फ्लॉपी खराब करील नेम नाही. म्हणून भावाने वेगळी वाट धरली होती. यंत्राच्या मेमरीचा एक तुकडा बाजूला काढून त्याचीच डिस्क करायची. यंत्र अडकलं, आणि ते रोज अडकायचंच, की तीन कळा एकदम दाबायच्या. पडदा क्षणभर काळा व्हायचा, यंत्र नव्याने सुरू व्हायचं आणि बाकीचं सगळं पुसलं गेलं तरी त्या तुकड्यात ठेवलेलं जसंच्या तसं परत मिळायचं. फक्त वीज तुटता कामा नये. एकदा वीज गेली आणि त्याची कितीतरी दिवसांची मेहनत पाण्यात गेली. त्यानंतर त्याने यंत्राला बॅटरी जोडली, मागच्या स्विचवर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर लाल अक्षरांत लिहिलं, ‘हात लावायचा नाही’. ताई फडकं घेऊन आल्या, की तो तिथूनच बजावायचा, "तीन कळा दाबल्यास तर सगळं परत येतं. स्विच बंद केलास तर गेलं म्हणून समज." ताई त्या कोपऱ्यातली धूळ फुंकर मारून काढायच्या.

पुढे ताईंचा घसा बसला. माइकवर ओरडणाऱ्या बाईचा घसा बसायचाच, म्हणून त्यांनी अंगावर काढलं. डॉक्टरांनी निदान केलं तेव्हा दुसरा इलाज उरला नव्हता. जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागणार होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी भावाने त्यांना यंत्रापुढे बसवलं. "ताई, तुझा आवाज जपून ठेवतो. मधे टेप नकोच, टेप खरखरते. थेट यात घेतो." ताईंना भरून आलं. त्यांनी दुखऱ्या घशाने, एकेक शब्द तोलून, सगळं म्हटलं. आकडे म्हटले, गावांची नावं म्हटली, ‘फलाट क्रमांक’, ‘उशिराने’, ‘रद्द’, ‘सुटत आहे’ म्हटलं. तो माइक बंद करणार, एवढ्यात त्या म्हणाल्या, "थांब. एक राहिलं." आणि रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातून घालायच्या ती हाक त्यांनी घातली. "छोट्याऽ, ताट वाढलंय रे!"

दोघंही हसले. ताईंनी मोठ्याने घातलेली ती शेवटची हाक.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांनी भावाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. तो वाकून म्हणाला, "बरं झालं ना, वेळेत सगळं आत घेतलं?" ताईंनी मान हलवली. दुसरं काही करताही येत नव्हतं.

घरी आल्यावर त्यांच्या हातात पाटी-पेन्सिल आली आणि भावाला बोलवायचं तर ताटावर चमचा वाजवायची वेळ आली. बाहेरच्या खोलीत तो त्यांचा आवाज कापत बसलेला असायचा. "चार. चार. चार. सुटत. सुटत आहे." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पदराने डोळे पुसत त्या दारात उभ्या राहिल्या होत्या. आठवड्याभरात त्यांना त्याचा वीट आला. आपण इथे मुक्या बसलोय आणि आपला आवाज तिकडे परक्यासारखा बडबडतोय, हे सोसणं सोपं नव्हतं. पण तो होता, कुठेतरी होता, एवढ्या आधारावर त्या गप्प राहिल्या. गप्प राहिल्या म्हणजे पाटीवरही काही लिहिलं नाही.

एका दुपारी स्थानकाचे साहेब घरी आले तेव्हा ताईंना पहिल्यांदा कळलं, की आवाज नुसता जपलेला नाही. भावाने कळा दाबल्या आणि यंत्रातून ताई म्हणाल्या, "फलाट क्रमांक सातवरची गाडी उशिराने सुटत आहे." साहेब खूश झाले. "वा! हुबेहूब! रजा नाही, पडसं नाही, काही कटकट नाही." मग ताई समोर बसल्यात हे ध्यानात येऊन ते घाईने म्हणाले, "बाई, भाग्यवान आहात हो. आम्ही सगळे निवृत्त होणार, तुमचा आवाज कधीच होणार नाही."

असंच एक यंत्र स्थानकात बसणार होतं आणि ते चालवायला भावाला कायमची नोकरी मिळणार होती. ताईंनी पाटीवर भराभर लिहिलं, ‘मशीन मी चालवते. सगळ्या गाड्या मला पाठ आहेत.’ साहेबांनी वाचलं आणि भावाकडे बघितलं. भाऊ हसून म्हणाला, "अगं, तिथे खिडकीशी माणसं चौकशीला येतात, त्यांच्याशी कोण बोलणार? तू आता आराम कर. खूप केलंस तू."

जन्मभर ज्याला भरवलं, त्याने असं अलगद उचलून बाजूला ठेवलं. ताईंनी पाटी पुसली आणि साहेबांच्या चहाचे कप उचलले.

साहेबांना उद्या सकाळी सगळं फ्लॉप्यांवर हवं होतं. इतके दिवस भावाने काहीच उतरवलं नव्हतं. ‘आज उतरवू, उद्या उतरवू’ चाललं होतं, कारण तीन कळा दाबल्या की सगळं परत यायचंच. आता तो नव्या फ्लॉप्या आणायला बाहेर पडला आणि ताई यंत्रापुढे जाऊन बसल्या. त्यांना फक्त आपली हाक ऐकायची होती. यादी कशी उघडायची ते त्यांनी बघून बघून शिकून घेतलं होतं. आकडे होते, गावं होती, ‘रद्द’ होतं. हाक कुठेच नव्हती. त्यांनी यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिली.

भाऊ परतला तो शीळ घालतच. ताईंनी पाटी पुढे केली. ‘माझी हाक?’

"कुठली हाक?" मग त्याला आठवलं. "अच्छा, ती ताट वाढलंयवाली! अगं, ती काढून टाकली. मेमरीत जागा कमी पडत होती आणि ‘उशिराने’ नीट बसत नव्हतं. घोषणेत ती कशाला लागणार होती?" आणि फ्लॉप्यांचा डबा टेबलावर ठेवून तो हातपाय धुवायला मोरीत गेला.

आतून पाण्याचा आवाज येत होता. ताईंनी चिकटपट्टीचं टोक नखाने उचललं आणि पट्टी सरळ ओढून काढली. तीन कळा दाबल्या तर सगळं परत येईल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. भावाची नोकरी जाईल हेही ठाऊक होतं. सात्त्विक, सोशिक वगैरे जे काही लोक त्यांना आजवर म्हणत आले होते, त्यातलं काहीच त्या घडीला त्यांच्या अंगात नव्हतं. त्यांनी स्विच खाली पाडला आणि थोडं थांबून पुन्हा वर केला.

टॉवेलने तोंड पुसत भाऊ बाहेर आला. पडद्यावर यंत्र सुरू व्हायची फ्लॉपी मागत होतं. त्याने ती घातली, यादी उघडली. यादी रिकामी होती. त्याने तीन कळा दाबल्या. पुन्हा दाबल्या. "अडकलं होतं का गं? तू कळाच दाबल्यास ना? ताई, कळाच ना?" ताईंनी उत्तरादाखल हात पुढे केला. लाल अक्षरांची पट्टी अजून बोटांना चिकटलेली होती.

तो ओरडेल, नोकरी घालवलीस म्हणून वाट्टेल ते बोलेल, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. तो खाली फरशीवर बसला. एवढा घोडा झालेला माणूस, पण लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला. "तुझा आवाज गेला गं, ताई," तो म्हणाला. "तुझा आवाज गेला."

हेच ऐकायला ताई दवाखान्यातल्या खाटेवर त्याच्या तोंडाकडे बघत पडून राहिल्या होत्या. तेव्हा तो हे बोलला असता, तर त्यांना दुसरं काही नको होतं. आज त्यांना त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला नाही, आणि वाटला नाही याचंच रडू आलं. रडण्यालाही आवाज नव्हता.

त्या आत गेल्या. दोन ताटं वाढली आणि चमच्याने त्याचं ताट वाजवलं. बाहेरून कळा दाबल्याचा आवाज आला. तीन एकदम, मग पुन्हा तीन. ताईंनी आणखी एकदा चमचा वाजवून पाहिला आणि मग आपलं ताट पुढे ओढलं.