चढावर न हलणारा काटा

माझ्या भाऊजींचा कुणावरच विश्वास नाही. कुलूप लावलं की ते दोनदा ओढून बघतात आणि जिन्यावरून परत येऊन तिसऱ्यांदा बघतात. डॉक्टरांनी सगळं ठीक आहे म्हटलं की घरी येऊन म्हणतात, "काहीतरी लपवतोय." पण त्यांच्या संशयाची खरी हौस भागते ती गाडीवर.

ताई आणि भाऊजींची लाँड्री आहे. मी तिथे इस्त्री करते. टेकडीवरच्या हॉस्पिटलच्या चादरी आणायच्या, धुऊन पोचवायच्या, हे मुख्य काम. त्यासाठी एक जुनी व्हॅन आहे. तिचे सुटे भाग बनवणं कंपनीने कधीच सोडून दिलंय. एकदा जरी पाणी उकळून इंजिनचं हेड वाकलं तर गाडी गेली, आणि गाडी गेली की चादरी दुसरा कोणीतरी नेणार. हे घरात सगळ्यांना पाठ आहे, कारण भाऊजी ते जेवताना सांगतात.

म्हणून त्यांचा एक डोळा रस्त्यावर आणि दुसरा डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर. खरं सांगायचं तर दोन्ही डोळे काट्यावरच. चढाला लागलं की काटा मध्यापासून जरा वर सरकायचा, आणि भाऊजी लगेच गाडीतला हीटर सुरू करायचे. इंजिनची उष्णता आत ओढली की इंजिन निवतं, हे त्यांचं शास्त्र. ते बरोबरही आहे. पण भर उन्हाळ्यात, काचा बंद, मागे चादरींच्या गाठोड्यांवर मी, आणि समोरून गरम वारा. इंजिन निवायचं, आम्ही शिजायचो.

एरवीही इंजिन थंड ठेवायला त्यांचं नळाच्या पाण्यावर भागत नसे. कूलंट बाटलीतला, तोही सील स्वतः तोडून. टाकीवर पातळीची रेघ त्यांनी ताईच्या नेलपॉलिशने ओढली होती, कारण कारखान्याने छापलेल्या रेघेवर त्यांचा भरवसा नव्हता. रोज सकाळी गाडी थंड असताना वाकून बघायचे. रेघेच्या केसभर खाली दिसलं की आमच्याकडे बघायचे, जणू काही आम्ही ते रात्री पिऊन टाकलंय.

तर एक दिवस काटा हलेनासा झाला.

म्हणजे गाडी सुरू झाली की तो हळूहळू मध्यावर यायचा आणि तिथेच बसायचा. सपाट रस्त्यावर मध्यावर, चढावर मध्यावर. दुसऱ्या कुणी सुटकेचा श्वास सोडला असता. भाऊजींची झोप उडाली.

"इतकं चांगलं कसं काय चालेल?" ते म्हणाले. "कुणीतरी हात लावलाय."

"हात लावून चांगलं झालं असेल तर लावू दे की, भाऊजी," मी म्हटलं.

"तुला काय माहीत असेल तर आत्ताच सांग."

झालं, यादीत माझंही नाव चढलं.

पहिला संशय अर्थात मिस्त्रीवर. इंजिन तापतं अशी तक्रार घेऊन कुणी आलं की थर्मोस्टॅट काढून फेकून द्यायचा, ही आमच्या भागातल्या गॅरेजवाल्यांची जुनी खोड. मग पाणी सतत फिरत राहतं, इंजिन धड गरमच होत नाही, गिऱ्हाईक खूश, आणि इंजिन आतून झिजत जातं. भाऊजी मला साक्षीदार म्हणून गॅरेजवर घेऊन गेले आणि मिस्त्रीला म्हणाले, "उघड. थर्मोस्टॅट डोळ्यांनी बघायचाय."

मिस्त्री त्यांना वर्षानुवर्षं ओळखतो. त्याने निमूटपणे झाकण उघडून दाखवलं. थर्मोस्टॅट जागच्या जागी होता. तरी भाऊजींनी तो पातेल्यात घालून उकळवून घेतला, झडप उघडते की नाही ते पाहिलं. उघडली. तेव्हा मिस्त्री जरा जास्तच गप्प आहे असं मला वाटलं. एरवी तो भाऊजींना चार टोमणे मारल्याशिवाय सोडत नाही.

आणि मग मला आठवलं. भाऊजी दाताच्या डॉक्टरकडे गेले होते त्या दुपारी मी साबण आणायला गॅरेजवरून गेले होते. व्हॅन तिथे उभी होती. ताई तिच्या नेहमीच्या सीटवर बसलेली, आणि मिस्त्री तिच्या पायांपाशी, डॅशबोर्डखाली डोकं घालून. दोघं हळू आवाजात बोलत होते. घरी आल्यावर ताई म्हणाली होती की ती बँकेत गेली होती.

माझी सख्खी बहीण. तिच्याबद्दल मनात काय काय आलं ते मी लिहिणार नाही. पण त्या दिवसापासून मीही तिच्यावर डोळा ठेवला. गाडीत बसली की ती सारखी गुडघ्यांकडे बघायची. विचारलं तर म्हणायची, "काही नाही गं, पाय अवघडलेत." भाऊजी काट्याकडे बघतायत, ताई गुडघ्यांकडे, आणि मी मागून दोघांकडे. त्या गाडीत रस्त्याकडे कोण बघत होतं, देव जाणे.

मग तो गुरुवार आला. गाडी गच्च भरलेली, चढ अर्धा झालेला. ताई एकदम म्हणाली, "अहो, गाडी थांबवा."

"का?"

"तापलीय."

भाऊजींनी काट्याकडे पाहिलं. मध्यावर. "काटा बघ जरा."

"काटा राहू दे. थांबवा."

इतके दिवस ज्या काट्याला ते खोटारडा म्हणत होते, त्याचीच बाजू घेऊन आता भांडायला लागले. कारण काट्यापेक्षा मोठा संशय आता शेजारी बसला होता. "तुला कसं कळलं? काटा सांगत नाही, वास नाही, आवाज नाही. तुला कुणी सांगितलं?"

"आधी थांबवा, मग भांडा. इंजिन जाईल हो." तिला रडू फुटलं. तिला रडताना मी फार कमी वेळा ऐकलंय.

त्यांनी गाडी कडेला घेऊन बंद केली. बॉनेट उघडलं तर वाफ. पंख्याचा पट्टा तुटून लोंबत होता. अजून एखादं वळण घेतलं असतं तर खेळ खलास होता.

भाऊजी परत आले ते थेट तिच्या दाराशी. "बोल."

ताईने गुडघ्यापाशी बोट दाखवलं. डॅशबोर्डखाली एक छोटा लाल दिवा जळत होता. त्यांच्या सीटवरून तो दिसणं शक्य नव्हतं.

"मिस्त्रीकडून मीच करून घेतलंय," ती म्हणाली. "काट्याच्या तारेत त्याने काहीतरी घातलं, तो मध्यावरच राहतो. खरं तापलं तर हा दिवा लागतो. लक्ष मी ठेवीन म्हटलं."

"मला फसवलंस?"

"हो, फसवलं. मागच्या महिन्यात याच चढावर माझी साखर उतरली होती. तुम्हाला हाक मारायला तोंड उघडेना. मान टाकून मी तुमच्या शेजारी पडले होते. तुम्हाला कधी कळलं? हॉस्पिटलच्या दारात, चादरी उतरवायला कुणी खाली उतरेना तेव्हा. काटा मात्र तुम्ही पूर्ण रस्ताभर सांभाळलात."

त्या दिवशी मी तापाने घरी होते. मला यातलं काहीच कुणी सांगितलं नव्हतं. इतके दिवस मनात जे येत होतं, त्याची मला इतकी लाज वाटली की मी गाठोड्यामागे तोंड लपवलं.

इंजिन निवेपर्यंत रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं, त्यामुळे भाऊजींना जायला जागाही नव्हती. ते तिच्या दाराच्या पायरीवर बसून राहिले. मग तिला म्हणाले, "आता कसं वाटतंय? चक्कर वगैरे?"

"आता बरं वाटतंय."

"नक्की? की लपवतेयस?"

"नक्की."

मग त्यांनी जवळचा जादा पट्टा चढवला, फडक्याने धरून झाकण हळूहळू सैल केलं, कूलंट भरला. गाडी सुरू करून थोडा वेळ तशीच उभी ठेवली.

"दिवा लागलाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

मी मागून बघत होते. जरा वाकलं असतं तर त्यांना दिसलं असतं. मला वाटलं, आता वाकतील. त्यांनी ताईच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग न वाकता गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि चढाला लागले.