ह्यांची गुप्त चौकशी

ह्यांचा ऑफिसचा फोन आला की मी खोलीचं दार ओढून घ्यायची. हे हवाई दलात असताना तसं कुणी फर्मान काढलं नव्हतं, पण आम्ही सगळ्याच बायका तसंच करायचो. काय बोलणं झालं, अचानक कुठं निघालात, विचारायचं नाही. बॅग भरून द्यायची. निवृत्त होऊन तिकडंच उत्तरेत, खरड नावाच्या गावी फ्लॅट घेतला, तरी माझी खोड काही गेली नाही.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी फोन आला आणि हे ताडकन उठून उभेच राहिले. मोबाइलच्या पडद्यावर गणवेशातला माणूस, मागं झेंडा. "सर्व्हिसचं काम आहे," हे म्हणाले. झालं! मी शहाणी, दार ओढून घेतलं, शिट्टी नको म्हणून कुकर बंद केला. शेजारची सरदारीण मोहरीच्या पाल्याचं साग घेऊन आली, तर तिला दारातूनच वाटेला लावलं. "अंकलजी मीटिंग में हैं जी!"

दुसऱ्या दिवशी आम्ही शहरातल्या सेक्टर १७च्या बँकेत. ठेव मोडायची म्हणाले. साताऱ्यात माझ्या बहिणीच्या शेजारी घर बघून ठेवलं होतं, त्यासाठीची ती ठेव. मला वाटलं, आता घराचं पक्कं झालं वाटतं. काउंटरवरच्या पोरीनं विचारलं, "सर, किसी ने फोन करके तो नहीं कहा?" हे कडाडले, "बेटा, मैंने पूरी उम्र फोर्स में निकाली है, मुझे मत सिखाओ." आणि मला, अहो, अभिमान वाटला! आग लागो त्या अभिमानाला.

संध्याकाळी ह्यांनीच सांगितलं. कुठल्याशा घोटाळ्यात ह्यांचं नाव आलंय, गुप्त चौकशी चाललीय, सगळे पैसे तपासणीसाठी सरकारी खात्यात पाठवलेत. चार-पाच दिवसांत परत येतील. "आणि तू कुणाला बोलायचं नाहीस."

"अहो, लुबाडलं तुम्हाला!" म्हणून मी ओरडले आणि सायबर हेल्पलाइनला फोन लावला. तिथली बाई म्हणाली, "लगेच सांगा, अजून कदाचित पैसे थांबवता येतील. पैसे कुठल्या खात्यात गेले?"

ते सगळं ह्यांच्या मोबाइलमध्ये. ह्यांनी तो स्वेटरच्या आतल्या खिशात घातला आणि हाताची घडी घालून बसले. "ऑर्डर आहे," म्हणाले. मी पाया पडले, शिव्या दिल्या, खिशात हात घालायला गेले तर माझं मनगट धरलं. घरच्या फोनवरून मुलीला लावून दिलं. ती बेंगळुरूहून रडत होती, "पापा, प्लीज, ये फ्रॉड है." तिला म्हणतात, "तुम सिविलियन लोग नहीं समझोगे." पोटची पोर, त्यांच्याच क्वार्टरमध्ये वाढलेली! आणि दुसऱ्या फोनवर ती बाई विचारतेय, "मॅडम, डिटेल्स?" माझ्याकडं काय होतं? खातं ह्यांच्या एकट्याच्या नावावर. इतकी वर्षं संसार केला आणि मला एक आकडा सांगता येईना.

पुढं त्या गणवेशातल्या माणसाचा नंबर बंद झाला, तेव्हा कुठं हे माझ्याबरोबर पोलिसांकडं आले. इन्स्पेक्टर भला होता, चहा मागवला त्यानं. "सर, पैसा बहुत आगे निकल गया है," म्हणाला. ह्यांनी त्याचं ओळखपत्र मागितलं. उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं.

साताऱ्याच्या घरमालकाला मीच नाही म्हणून कळवलं. फोन ठेवला तेव्हा हे समोरच बसले होते. रागानं बोलले असते तर मी भांडले असते. पण अगदी हळू, समजुतीच्या सुरात म्हणाले, "तू बाहेर बोललीस ना, म्हणून ते पैसे अडकले. थोडे दिवस गप्प बसायला हवं होतंस गं."