सत्तावीसचा गुण

कोठारात त्यांना सगळे वैद्यबुवा म्हणत. कोठार औषधांचं होतं, पण वैद्यबुवांचा औषधांशी संबंध नव्हता. स्वतःच्या डोकेदुखीची गोळीसुद्धा ते घरी जाताना कोपऱ्यावरच्या दुकानातून घेत. त्यांना हे नाव पडलं ते ब्रोकरमुळे.

ब्रोकर म्हणजे माणूस नव्हे, सॉफ्टवेअर. दुकानदारांच्या मागण्या घेणारा कॉम्प्युटर आणि पॅकिंग हॉलमधले चार प्रिंटर यांचं आपसात बोलणं नव्हतं. एका छपराखाली राहून अबोला धरलेल्या जावांसारखं त्यांचं सगळं निरोपांवर चाले, आणि निरोप पोचवायचं काम ब्रोकरचं. मागणी आली की तो ती रांगेत लावी आणि पाळीपाळीने प्रिंटरच्या हातावर ठेवी. चिठ्ठी छापून निघाली की माणसं ती बघून खोकी भरत. अधूनमधून हा निरोप्या रुसे. मग वैद्यबुवांना बोलावणं जाई.

त्यांची चिकित्सा ठरलेली होती. सेटिंगची फाईल उघडायची. एका प्रिंटरने एका वेळी किती मागण्या उचलायच्या, तो आकडा बदलायचा. ब्रोकर बंद करायचा, पुन्हा चालू करायचा. गाडं चालू लागे. अकरा वर्षांत त्यांनी वीस, चाळीस, पंधरा असे पुष्कळ आकडे लावून पाहिले होते आणि कुठला किती दिवस टिकला हे एका वहीत लिहून ठेवलं होतं. सत्तावीसचा गुण सर्वांत टिकाऊ. हॉलचा मुकादम तर कशाचीही परीक्षा असली की लेकीला सांगे, सत्ताविसाव्या बाकावर जागा मिळते का बघ.

या लौकिकापायी वैद्यबुवा दोन लग्नांतून अर्ध्या ताटावरून उठले होते आणि चुलत्याच्या अंत्यविधीला पोचले तेव्हा माणसं परत निघाली होती. सुरुवातीला त्यांना याचा अभिमान वाटे. आताशा फोन वाजला की फक्त पाय दुखत.

त्या दिवशी सव्वादोनला फोन वाजला. एक नंबरचा प्रिंटर गपगार झाला होता आणि बाकीचे तीन हातावर हात ठेवून होते. संध्याकाळी सुटणाऱ्या गाड्यांचा माल अडला होता. वैद्यबुवांनी फाईल उघडली, सत्तावीस लिहिलं, ब्रोकर बंद-चालू केला. चारही प्रिंटर कुरकुर करत चालू झाले. ते हुश्श करतात तोच बायकोचा फोन.

"आठवण आहे ना?"

"आहे गं."

"पाच वाजता. सोबतीच्या माणसाची सही झाल्याशिवाय ते आत घेत नाहीत. आज चुकलं तर पुढची तारीख अडीच महिन्यांनी."

तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची ही तिसरी तारीख होती. आधीच्या दोन ब्रोकरने खाल्ल्या होत्या. माहेरचं असं जवळ कुणी नव्हतं. शेजारणीला नेण्याचा विषय वैद्यबुवांनी एकदाच काढला होता. त्यावर ती म्हणाली होती, "लग्न शेजारणीशी लावलं नव्हतं मी." परवा तिने आमटीत मीठ समजून साखर घातली होती. दोघांनीही वाटी संपवली होती.

वैद्यबुवांनी हिशेब केला. चारला निघालं की पुरे. पावणेतीनला एक नंबरने पुन्हा मान टाकली.

त्यांनी चोवीस करून पाहिलं. वीस मिनिटं टिकलं. एकतीस. बारा मिनिटं. वहीत इतका वाईट दिवस नव्हता. मुकादम दारात येऊन उभा राहिला.

"वैद्यबुवा, पोरं खोक्यांवर बसून पत्ते काढायच्या बेतात आहेत. मात्रा लागू पडंना का?"

"बघतोय."

"आज तुम्हांला हलू द्यायचं नाही हं! तुमच्याशिवाय या भुताला कोण आवरणार?"

शेजारच्या टेबलावर महिन्यापूर्वी आलेली इंजिनीअर बसली होती. वैद्यबुवा तिला मॅडम म्हणत, ती त्यांना सर म्हणे, आणि दोघांनाही ते थोडं अवघडल्यासारखं होई. ती मघापासून स्क्रीनवर काहीतरी वाचत होती.

"सर, ब्रोकर चालू होताना लॉगमध्ये नोंदी लिहितो, त्याच्या पहिल्या ओळी कधी वाचल्यात?"

"पहिल्या ओळींत काय असतं? नमस्कार-चमत्कार. बिघाड शेवटी असतो."

"कुठली सेटिंग फाईल वाचली ते पहिल्या ओळींत लिहितो तो. ही बघा."

वैद्यबुवांनी चष्मा वर केला, खाली केला. ओळीतल्या फाईलचा पत्ता त्यांच्या फाईलचा नव्हता. दोन्ही फाईलींचं नाव एकच, पण ही भलत्याच फोल्डरमध्ये होती. अकरा वर्षांपूर्वी ब्रोकरची नवी आवृत्ती बसवली तेव्हा तिने स्वतःचं बिऱ्हाड वेगळं थाटलं होतं. वैद्यबुवा मात्र जुन्या घराच्या दारावर इमानेइतबारे आकडे लिहीत राहिले होते.

"म्हणजे माझी फाईल—"

"कुणी वाचतच नाही, सर. खऱ्या फाईलमध्ये या आकड्याच्या जागी शून्य आहे. शून्य म्हणजे मर्यादाच नाही. म्हणून जो प्रिंटर पहिला जोडला जातो तो सगळ्या मागण्या पोटात घालतो आणि तुंबतो. बाकीचे उपाशी."

"मग गुण कसा यायचा?"

ती जरा घुटमळली. "बंद-चालू केल्यामुळे. तुंबलेल्या मागण्या परत रांगेत यायच्या. आज मागण्या जास्त आहेत म्हणून लगेच तुंबतोय."

वैद्यबुवांनी वहीकडे पाहिलं. सत्तावीस, उत्तम. सत्तावीस, अत्युत्तम. खाली दोन रेघा. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

गप्प बसणं सोपं होतं. मॅडम, तुम्ही चहा घेऊन या, मी बघतो, एवढं म्हटलं की झालं असतं. खऱ्या फाईलमध्ये आकडा त्यांनीच घातला असता आणि लौकिक शाबूत राहिला असता. मात्र मग पुढच्या प्रत्येक बोलावण्यालाही त्यांनाच जावं लागलं असतं, आणि आजची संध्याकाळ प्रिंटरवर नजर ठेवण्यात गेली असती. अकरा वर्षं आपण अडकलो होतो ते एका न वाचलेल्या फाईलपायी, हे ध्यानात आल्यावर त्यांना राग यायला हवा होता. आली ती जांभई.

"मुकादम," ते म्हणाले, "दुखणं मॅडमना सापडलंय. माझा आकडा कधी लागूच नव्हता."

"चेष्टा करता का! गुण यायचा की."

"झोपून उठल्यावर सगळ्यांनाच बरं वाटतं. ब्रोकरलाही."

"आणि सत्तावीस?"

"लेकीला म्हणावं, अभ्यास कर."

मुकादमाने मॅडमकडे असं पाहिलं, जणू तिने देवळातली मूर्ती हलवली होती. वैद्यबुवांनी खुर्ची तिच्यापुढे सरकवली. "किती घालताय?"

"एक. चिठ्ठी छापून झाली की पुढची."

"एक," ते म्हणाले. वहीत तो आकडा कुठेच नव्हता. त्यांनी डबा पिशवीत टाकला, वही टेबलावरच ठेवली आणि चार वाजून बारा मिनिटांनी बाहेर पडले.

दवाखान्यात बायको भिंतीलगतच्या बाकावर बसली होती. पाचला चार मिनिटं कमी होती. ते अगदी जवळ गेले तरी तिने ओळखलं नाही. खाकरल्यावर मान वर केली.

"आज कसे सुटलात?"

"मी नसलो तरी चालतं, असं निघालं."

"बरं झालं," ती म्हणाली आणि हातातला कागद पुढे केला.

कागद पहिल्या तारखेपासूनचाच होता. वैद्यबुवांनी तो मुद्दाम पहिल्या ओळीपासून वाचला. सोबत येणाऱ्याच्या रकान्यात त्यांचं नाव दोनदा लिहून दोनदा खोडलेलं होतं. तिसरी ओळ कोरी.

"या खेपेला आधी नाही लिहिलं," ती म्हणाली. "म्हटलं, माणूस आला की लिहू."

ते नाव लिहीत असताना खिशात फोन थरथरला. मुकादमाचा निरोप होता: चारही प्रिंटर चालू आहेत. तरी एकदा सत्तावीस करून बघू का?

वैद्यबुवांनी फोन बंद केला आणि सही केली.